स्तंभालेखाचा जनक आणि कागदावरची जमीन : विल्यम प्लेफेअर



सहावीच्या वर्गात मी स्तंभालेख शिकवत होते. शाळेतल्या प्रत्येक वर्गाची पटसंख्या फळ्यावर लिहिली, X-अक्ष, Y-अक्ष, प्रमाण सगळं ठरवलं आणि मुलं पट्टी-पेन्सिल घेऊन कामाला लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की मॅडम, हे असं पहिल्यांदा कोणी काढलं? खरं सांगते, मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हणाले आणि घरी येऊन शोधायला बसले.

नाव सापडलं, विल्यम प्लेफेअर. पण नावाबरोबर जी गोष्ट सापडली ती वाचून मी थोडी गोंधळात पडले. ज्या माणसाने जगाला आकडे डोळ्यांनी बघायला शिकवलं, त्याच माणसाने फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत हजारो मैलांवरची, स्वतःच्या कंपनीच्या मालकीचीही नसलेली जमीन लोकांना विकली. ही दुसरी बाजू मुलांना सांगावी की नाही? मी काय ठरवलं ते शेवटी सांगते. आधी त्याचं आयुष्य बघूया.

बालपण आणि भावाची शिकवण

विल्यमचा जन्म २२ सप्टेंबर १७५९ रोजी स्कॉटलंडमध्ये डंडी शहराजवळच्या लिफ या गावी झाला. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू. १७७२ मध्ये वडील वारले तेव्हा विल्यम जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. घराची जबाबदारी थोरला भाऊ जॉन याच्यावर आली. हा जॉन प्लेफेअर म्हणजे पुढे एडिंबरो विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झालेला नामांकित विद्वान बरं का. रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एक आणि एकच समांतर रेषा काढता येते, हे गृहीतक आपण भूमितीत शिकवतो ना? ते याच जॉनच्या नावाने ओळखलं जातं.

जॉनने धाकट्या भावाला एक सवय लावली. रोज तापमापक बघायचा आणि त्याची नोंद ठेवायची. पण नुसते आकडे लिहून थांबायचं नाही, ते रेषांनी दाखवायचे. जे आकड्यांत मांडता येतं ते रेषेतही मांडता येतं, हे विल्यम भावाकडून शिकला आणि मोठेपणी त्याने हे श्रेय भावाला मोकळ्या मनाने दिलं. आपल्या हवामान तक्त्याच्या उपक्रमाची आठवण झाली ना? रोज परिपाठानंतर आपण मुलांकडून भरून घेतो तोच. अशा साध्या उपक्रमातून काय उगवेल हे शिक्षकाला आधी कळत नाही.

पुढे विल्यमने मळणीयंत्राचा संशोधक अँड्र्यू मीकल याच्या हाताखाली उमेदवारी केली. १७७७ मध्ये तो बर्मिंगहॅमला जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यात लागला. तिथे त्याचं काम होतं यंत्रांची चित्रं काढणं आणि वॅटला मदत करणं. चार-पाच वर्षांनी ती नोकरी सोडून त्याने लंडनमध्ये चांदीकामाचं दुकान काढलं. ते चाललं नाही. कल्पना उत्तम आणि व्यवहार लंगडा हे त्याच्या बाबतीत आयुष्यभर होत राहिलं.

पहिला स्तंभालेख

१७८६ मध्ये त्याने लंडनमध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात इंग्लंडच्या व्यापाराचे आणि सरकारी खर्चाचे ४४ आलेख होते. त्यातले ४३ रेषालेख, म्हणजे वर्षं पुढे सरकतात तशी आयात-निर्यात कशी चढली-उतरली ते दाखवणारे. ईस्ट इंडीजशी, म्हणजे आपल्याकडच्या प्रदेशांशी चालणाऱ्या व्यापाराचाही आलेख त्यात होता.

चव्वेचाळिसावा आलेख मात्र नाइलाजाने वेगळा काढावा लागला. स्कॉटलंडची माहिती त्याला एकाच वर्षाची मिळाली, १७८१ ची. एका वर्षात रेषा पुढे न्यायची कुठे? मग त्याने १७ ठिकाणांची नावं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकासमोर दोन आडव्या पट्ट्या काढल्या, एक आयातीची, एक निर्यातीची. हाच तो आकडेवारीचा पहिला स्तंभालेख मानला जातो. गंमत म्हणजे प्लेफेअरला स्वतःला तो फारसा आवडला नव्हता, कारण त्यात काळ दिसत नाही. माहिती अपुरी होती म्हणून काढलेली पळवाट आज आपल्या सहावीच्या पुस्तकात आहे!

पॅरिस, १७८९

१७८७ च्या सुमारास प्लेफेअर पॅरिसला गेला. राजा सोळावा लुई याच्यापर्यंत त्याचं पुस्तक पोहोचलं आणि राजाला ते आवडलं, असं त्याने पुढे नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे सुरुवात तर छान झाली. पण दोनच वर्षांत फ्रान्स पेटला. १७८८ चं पीक बुडालं होतं, पाव महागला होता. १४ जुलै १७८९ ला बॅस्टिलचा तुरुंग पडला. सरदार-दरकदार देश सोडून जाऊ लागले.

आता जरा विचार करा. सरदार गेले की त्यांच्यावर पोट असणाऱ्यांचं काय? पॅरिसमध्ये केसांचे टोप बनवणारे, सोन्याचा मुलामा देणारे, लाकडावर नक्षी कोरणारे, बग्ग्या बांधणारे, घड्याळं दुरुस्त करणारे असे हजारो कारागीर होते. त्यांचं गिऱ्हाईकच नाहीसं झालं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना तो जाण्याची भीती आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांना उद्याची चिंता. अशा वेळी कोणी दूरदेशी शांत, सुपीक जमीन देतो म्हटलं, तर माणूस ऐकणारच.

नेमका त्याच वेळी पॅरिसमध्ये जोएल बार्लो नावाचा एक अमेरिकन कवी आलेला होता. अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठची जमीन विकायला त्याला सायोटो कंपनीने पाठवलं होतं. १७८८ पासून तो प्रयत्न करत होता, पण त्याला ना फ्रेंच नीट येत होतं, ना धंदा. त्याला प्लेफेअर भेटला. चलाख, भाषा जाणणारा, कागदावर मांडणी करण्यात पटाईत. ऑगस्ट १७८९ मध्ये दोघांनी फ्रेंच भागीदारांना घेऊन पॅरिसमध्ये कंपनी उभी केली. विकायला काढलेली जमीन होती ३० लाख एकर. किती ते कळावं म्हणून सांगते, आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षाही जास्त!

भाव ठेवला एकरी ६ लिव्र. अर्धे पैसे आता, अर्धे नंतर. माहितीपत्रक छापलं, नकाशा छापला. त्या पत्रकात काय नव्हतं! हवा निरोगी, थंडी नावालाच, नदीत भरपूर मासे, साखर देणारी झाडं, मेणबत्तीचं मेण देणारी झुडपं. कर नाहीत, सक्तीची सैन्यभरती नाही. यातलं काही खोटं होतं, पण सगळं नाही बरं का. मेपलच्या झाडापासून साखर होते हे खरंच आहे. अर्धं खरं असलं की उरलेलं अर्धं सहज खपतं. नकाशावर तर तिथला काही भाग साफसूफ करून वस्ती झालेला दाखवला होता. प्रत्यक्षात तिथे घनदाट जंगल होतं.

काही महिन्यांतच लाखाच्या वर एकर जमीन विकली गेली.

सातबारा कोणाच्या नावावर?

आता मुख्य प्रश्न. ही जमीन होती कोणाची?

आपल्याकडे जमिनीचा व्यवहार करताना आपण काय बघतो? सातबारा कोणाच्या नावावर आहे ते. आणि हातात आलेला कागद खरेदीखत आहे की नुसती इसारपावती, तेही बघतो. सायोटो कंपनीकडे खरेदीखत नव्हतं. अमेरिकन सरकारकडून पुढेमागे ती जमीन विकत घेण्याचा हक्क तेवढा १७८७ च्या करारात राखून ठेवलेला होता. हप्ते भरायचे, मग जमीन नावावर व्हायची. त्यातला एकही हप्ता भरलेला नव्हता. म्हणजे इसारही न देता घेतलेल्या शब्दावर पॅरिसमध्ये खरेदीखतं वाटली जात होती!

या सगळ्याच्या मुळाशी न्यूयॉर्कचा विल्यम ड्युअर हा बडा सट्टेबाज होता. तो अमेरिकेच्या अर्थखात्यात वरच्या पदावरही होता. योजना अशी होती की फ्रेंच लोकांकडून पैसा येईल, त्यातून सरकारचे हप्ते भरू आणि मग जमीन त्यांच्या नावावर करू. पैसा वेळेवर आला असता तर कदाचित जमलंही असतं. सट्टा म्हणतात तो यालाच, दुसऱ्याच्या पैशावर स्वतःचं भविष्य लावायचं.

आणि याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, तो आपण विसरता कामा नये. त्या जंगलात माणसं राहत होती. शॉनी, मायामी, डेलावेअर अशा मूळनिवासी जमातींचा तो मुलूख. त्यांना ही विक्री मान्य नव्हती. जमीन वाचवण्यासाठी त्यांचं अमेरिकन सैन्याशी युद्ध चालू होतं. पॅरिसच्या माहितीपत्रकातून ही माणसं गायब होती.

समुद्रापलीकडे

फेब्रुवारी १७९० मध्ये ल हाव्र बंदरातून जहाजं निघाली. पाच-सहाशे माणसं. काही जण पैसेवाले, काही खानदानी, पण बरेचसे तेच कारागीर. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी दुसऱ्यांशी करार केले, काही वर्षं राबायचं आणि बदल्यात थोडी जमीन मिळवायची. शेती करणारे फार थोडे.

मे १७९० मध्ये पहिलं जहाज अमेरिकेत अलेक्झांड्रियाच्या बंदराला लागलं. उतरल्यावर कळलं की पुढे न्यायला कोणाचीच सोय नाही आणि हातातल्या कागदांना किंमत नाही. तक्रार थेट राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यापर्यंत गेली. काही जण तिथूनच पांगले, काही फ्रान्सला परतले. उरलेले डोंगर ओलांडून, मग नावांतून, ऑक्टोबर १७९० मध्ये ओहायोच्या काठी पोहोचले.

तिथे त्यांच्यासाठी ८० झोपड्या बांधून ठेवल्या होत्या, ओंडक्यांच्या, २०-२० च्या चार रांगांत. गावाला नाव दिलं गॅलिपोलिस, म्हणजे गॉल लोकांचं, फ्रेंचांचं शहर. आणि दैव कसं बघा, ती झोपड्यांची जागासुद्धा सायोटो कंपनीची नव्हती. ती दुसऱ्याच कंपनीच्या, ओहायो कंपनीच्या हद्दीत होती.

नक्षीकाम करणारे हात कुऱ्हाड धरू लागले. झाड कसं पाडायचं हे ठाऊक नाही. मोठमोठ्या झाडांभोवती घोळका करून सगळीकडून घाव घालायचे, दोरांनी ओढायचे. पडत्या झाडाखाली सापडून काहींचा जीव गेला. पाडलेलं झाड हलवता येईना, म्हणून बाजूला खड्डा खणून त्यात पुरायचे. त्यात तापाची साथ, जंगलात हल्ल्याची भीती. नोव्हेंबर १७९१ मध्ये मूळनिवासींनी अमेरिकन सैन्याचा मोठा पराभव केला, सहाशेहून जास्त सैनिक मारले गेले. त्यानंतर तर गावाबाहेर पडणं मुश्कील झालं.

मार्च १७९२ मध्ये विल्यम ड्युअरचं दिवाळं निघालं आणि तो कर्जापायी तुरुंगात गेला. सायोटो कंपनी संपली. गॅलिपोलिसच्या लोकांना कोणी वालीच उरला नाही. शेवटी मार्च १७९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांना दया म्हणून ओहायोकाठी दुसरीकडे २४,००० एकर जमीन दिली. आणि ज्या घरांत ते पाच वर्षं राहत होते त्या घरांची जागा? ती त्यांना ओहायो कंपनीकडून पुन्हा पैसे देऊन विकत घ्यावी लागली. एकाच जमिनीचे दोनदा पैसे! गॅलिपोलिस हे गाव आजही ओहायो राज्यात आहे.

दोष कोणाचा?

सगळं खापर एकट्या प्लेफेअरवर फोडणं बरोबर होणार नाही. ड्युअरने पैसे भरले नाहीत, बार्लोने हिशेबाकडे लक्ष दिलं नाही. पण पॅरिसच्या कचेरीत रोजचा कारभार प्लेफेअर बघत होता, हेही खरं. विक्रीचे पैसे अमेरिकेत पोहोचलेच नाहीत. ते कुठे गेले याची चौकशी करायला १७९० च्या शेवटी न्यूयॉर्कहून माणूस आला. बार्लोने प्लेफेअरला दूर केलं. प्लेफेअर पुढे आयुष्यभर आपण निर्दोष असल्याचं सांगत राहिला. त्याने पैसे खाल्ले की फक्त गोंधळ घातला, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

मला मात्र एक गोष्ट खटकते. पुस्तकात तो एकाच वर्षाची माहिती मिळाली तर आलेखाचा प्रकार बदलतो, पण नसलेली माहिती घुसडत नाही. आणि जमिनीच्या नकाशात नसलेली वस्ती छापली जाते तेव्हा तोच माणूस कचेरी सांभाळत बसतो. दोन्ही कामं कागदावरचीच. पहिल्या कागदाने कोणाचं घर मोडणार नव्हतं, दुसऱ्याने मोडणार होतं. उलट नको होतं का व्हायला?

उत्तरायुष्य

१७९३ च्या आसपास प्लेफेअर लंडनला परतला. क्रांतीचा आता तो कडवा विरोधक झाला होता. फ्रान्सच्या कागदी नोटांच्या खोट्या प्रती काढून त्या सरकारचं कंबरडं मोडावं, असं तो मांडत असे. १७९७ मध्ये त्याने एक बँक काढली, तीही बुडाली. कर्जामुळे तुरुंग पाहावा लागला.

आणि याच हलाखीच्या काळात, १८०१ मध्ये, त्याने आणखी एक पुस्तक काढलं. त्यात तुर्की साम्राज्याचं वर्तुळ होतं. आशिया, युरोप आणि आफ्रिका या तीन खंडांत साम्राज्याचा किती-किती भाग, ते वर्तुळाचे तुकडे रंगवून दाखवलं होतं. हाच पहिला वृत्तालेख, जो आपली मुलं पुढे दहावीला शिकतात. त्याच पुस्तकाच्या शेवटी हिंदुस्थानातल्या सत्तांचाही तसाच तक्ता जोडलेला होता. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवेपदावर होता!

पण आलेखांनी त्याचं पोट भरलं नाही. नेपोलियनच्या पाडावानंतर तो पुन्हा पॅरिसला गेला, वर्तमानपत्रात काम केलं, एका लेखावरून बदनामीचा खटला झाला, शिक्षा टाळायला लंडनला पळून आला. अखेरच्या वर्षांत त्याने गव्हाचा भाव आणि कारागिराची आठवड्याची मजुरी यांचा अडीचशे वर्षांचा एकत्र आलेख काढला. गहू महागला अशी ओरड सगळीकडे होती. मजुरीच्या मानाने बघितलं तर गहू इतका स्वस्त पूर्वी नव्हता, हे त्याने त्यातून दाखवलं. म्हातारपणी, कफल्लक असताना काढलेलं हे चित्र आजही उत्तम आलेखांत गणलं जातं. ११ फेब्रुवारी १८२३ रोजी लंडनमध्ये तो गरिबीतच वारला. त्याच्या आलेखांना खरा मान मिळायला पुढची कित्येक वर्षं जावी लागली.

मी वर्गात काय सांगितलं

आता माझ्या गोंधळाबद्दल. आमच्या वडिलांनी मी लहान असताना तालुक्याजवळ एक प्लॉट घेतला होता. एका एजंटाने रंगीत पत्रक दाखवलं होतं. त्यात रस्ते, बाग, शाळेची जागा, सगळं आखलेलं. पुढे कळलं की जमीन भलत्याच्याच नावावर आहे. पैसे परत आले नाहीत. वडील शिकलेले होते, पण पत्रक इतकं नीटनेटकं होतं की सातबारा मागायचं त्यांना सुचलंच नाही. ते पत्रक अजून आमच्या ट्रंकेत आहे. गॅलिपोलिसबद्दल वाचताना मला राहून राहून ते आठवत होतं.

म्हणून मी मुलांना अर्धी गोष्ट सांगितली नाही. स्तंभालेखाचा जनक कोण ते सांगितलं, आणि त्याने विकलेल्या जमिनीचंही सांगितलं. मुलं गप्प झाली. मग ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिनेच पुढचं विचारलं, की मग त्याचा स्तंभालेख खरा की खोटा? मी म्हटलं, खरा. कारण तो कुठल्या माहितीवर काढला ते त्याने सांगितलं होतं.

तेव्हापासून आमच्या वर्गात आलेख काढून झाला की खाली तीन ओळी लिहायच्या. माहिती कुठून आणली, कोणी मोजली, आणि काय मोजायचं राहिलं. पटसंख्येच्या आलेखाखाली एका मुलाने लिहिलं की ऊसतोडीला गेलेली चार मुलं यात धरलेली नाहीत. मी त्याला लिहायला सांगितलं नव्हतं.

तुमच्या वर्गात हा उपक्रम करून बघा. पालकांनी घरी वर्तमानपत्रातली एखादी जाहिरात किंवा आलेख घेऊन मुलांना हेच तीन प्रश्न विचारावेत. आणि मुलांनी काय उत्तरं दिली ते मला जरूर कळवा.